'नवशिका आहे' हे कोर्टात चालतं का?

एका एकोणीस वर्षांच्या मुलानं हे विचारलंय. मूळ मजकूर लांब आहे, त्याचा गाभा असा. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, पक्कं लायसन्स मिळून चार महिने झालेले. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास वडिलांची गाडी घेऊन पौड रस्त्यानं येत होता. आयडियल कॉलनी मेट्रो स्टेशनच्या जवळ डावीकडच्या गल्लीत वळताना मागून डाव्या अंगानं आलेली अ‍ॅक्टिव्हा गाडीच्या दारावर आदळली. चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या. त्या पडल्या, मनगट मोडलं. मुलानं त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि मग पोलिसांकडे गेला. दुसऱ्या दिवशी बाईंच्या मुलानं फिर्याद दिली. आता हातात नोटीस आहे. हवालदार म्हणाले, "कोर्टात कबूल करून टाक, हजार रुपये दंड, विषय संपला." वडिलांना ते पटलंय. मामा म्हणतो, सगळं बाईंवर ढकल. त्यात या मुलानं रात्री बाईंना व्हॉट्सअ‍ॅप केलाय: "काकू सॉरी, माझीच चूक होती, सगळा खर्च आम्ही करू." शेवटी त्याचे दोन प्रश्न आहेत. नवशिका आहे असं सांगितलं तर केस हलकी होईल का? आणि सहा पॉइंट झाले की नव्या ड्रायव्हरचं लायसन्स रद्द होतं हे खरं का?

मी गेली चोवीस वर्षं शिवाजीनगरच्या कोर्टात वकिली करते. त्यातली निम्मी तरी गाड्यांच्या अपघातांच्या प्रकरणांत गेली, कधी चालकाच्या बाजूनं तर कधी जखमीच्या. तू माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा आहेस, म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

आधी सोपा प्रश्न संपवते. सहा पॉइंटांचा नियम आपला नाही, ब्रिटनचा आहे. तिथं पहिल्या दोन वर्षांत सहा पॉइंट जमले की नव्या चालकाचं लायसन्स रद्द होतं आणि परीक्षा पुन्हा द्यावी लागते. त्यांचा तो कायदा १९९५ चा. आपल्याकडे लायसन्सवर जे काही गंडांतर येतं ते आरटीओकडून, वेगळ्या वाटेनं. त्याबद्दल पुढे सांगते.

आता तुझा खरा प्रश्न. शिक्षा किती होईल असं तू विचारतोयस, पण तुला ठरवायचंय ते कबूल करायचं की नाही, आणि ते आज ठरवायचंच नाहीये. तुझ्या घरात सगळ्यांना या आठवड्यात निकाल हवाय. वडिलांना प्रकरण मिटवायचंय, मामाला जिंकायचंय. दोघंही तू गाडी नेमकी कशी वळवलीस ते विचारत नाहीयेत, आणि केस उभी राहणार ती तेवढ्यावरच.

एका अपघातातून तीन वेगळी प्रकरणं निघतात आणि लोक ती एकत्र कालवतात. पहिलं फौजदारी, म्हणजे पोलीस आणि मॅजिस्ट्रेट. दुसरं नुकसानभरपाईचं, ते मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालतं आणि त्यात पैसे मुख्यतः विमा कंपनीचे असतात. तिसरं लायसन्सचं. एकाची पट्टी दुसऱ्याला लागत नाही. भरपाईच्या दाव्यात चूक कोणाकडे झुकते एवढं दिसलं तरी पुरतं. फौजदारीत गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. त्यामुळे एकाच अपघातात चालक निर्दोष सुटतो आणि विमा कंपनी तरीही भरपाई देते, असं कैक वेळा होतं. त्यात विसंगती काही नाही.

नोटिशीत तुझ्यावर भारतीय न्याय संहितेची कलमं २८१ आणि १२५(ब), शिवाय मोटार वाहन कायद्याचं १८४ लावलेलं आहे. २८१ म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे किंवा हयगयीनं वाहन चालवणं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १२५(ब) लागलं ते मनगटामुळे. हाड मोडलं की कायद्याच्या भाषेत ती 'गंभीर दुखापत', मग प्लास्टर तीन आठवड्यांत निघो की सहा. इथं शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हवालदारांच्या डोक्यात जुना दर बसलाय. १ जुलै २०२४ च्या आधी हेच कलम भारतीय दंड संहितेचं ३३८ होतं आणि तिथं दंडाची मर्यादा हजार रुपये होती. १८४ धोकादायक ड्रायव्हिंगचं. पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा हजार ते पाच हजार दंड, किंवा दोन्ही.

घाबरू नकोस. यातले बहुतेक आकडे वरच्या मर्यादेचे आहेत आणि सगळी कलमं जामीनपात्र आहेत. जामीन हा तुझा हक्क आहे. आलेली नोटीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम ३५(३) ची आहे. तिचा अर्थच असा की पोलिसांना तुला अटक करायची नाही, चौकशीला बोलवायचंय. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नका, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावलेलं आहे. फक्त नोटीस मिळूनही गेलाच नाहीस, तर अटकेचं कारण तूच पुरवशील. दिलेल्या तारखेला, दिलेल्या वेळेला जा. लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी यांच्या प्रती दे आणि पोच घे.

जबाब देताना दोनच पथ्यं. खोटं एक अक्षर बोलायचं नाही, आणि जे आठवत नाही ते 'आठवत नाही' असंच सांगायचं. तू लिहिलंयस, "इंडिकेटर दिला होता, बहुतेक." हा 'बहुतेक' जबाबात गायब होतो बघ. एकतर 'दिला होता' होतं नाहीतर 'दिला नव्हता', आणि पुढे दीड वर्षानं सीसीटीव्हीत उलटं दिसलं की तुझ्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही. एखाद्या प्रश्नाचं उत्तर स्वतःलाच गोवणारं वाटलं तर गप्प राहण्याचा हक्क घटनेच्या कलम २०(३) नं दिलेला आहे. चौकशीत लिहून घेतलेल्या जबाबावर आरोपीनं सही करायची नसते, हेही लक्षात ठेव. आणि पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपचं तसं नाही. तो तू एका खासगी व्यक्तीला पाठवलास, तो वाचला जाऊ शकतो. पण त्यासाठी रात्र जागून काढू नकोस. समोरची बाई हात धरून विव्हळताना पाहिल्यावर एकोणीस वर्षांचा मुलगा 'माझीच चूक' म्हणतो ते भेदरून आणि कळवळून म्हणतो, हे मॅजिस्ट्रेटलाही कळतं. त्या एका ओळीवर कोणाला दोषी धरल्याचं मी पाहिलेलं नाही. मात्र आता ती ओळ डिलीट करू नकोस, ते जास्त वाईट दिसेल. आणि पैशांबद्दल पुढचं काही मेसेजवर लिहू नकोस. वडिलांनी त्यांच्या घरी जाऊन विचारपूस करावी, फळं न्यावीत, त्यात कायद्याचा कसलाही अडसर नाही.

आता मूळ मुद्दा. प्रत्येक अपघाताच्या फिर्यादीत एक ठरलेलं वाक्य असतं: 'त्याच्या ताब्यातील वाहन भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने, रहदारीच्या नियमांकडे दुर्लक्ष करून चालवून…' हे वाक्य मी हजारभर एफआयआरमध्ये वाचलं असेल. उभ्या ट्रकला मागून कोणी धडकला तरी भरधाव वेगच. हे लिहिलं म्हणून सिद्ध होत नाही. कर्नाटक सरकार विरुद्ध सतीश या १९९८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वाहन वेगात होतं एवढ्यावरून हयगय किंवा बेदरकारपणा आपोआप ठरत नाही. साक्षीदारानं नुसतं 'जोरात होता' म्हणून भागत नाही, नेमकं काय पाहिलं ते त्याला सांगावं लागतं. तू तर वळणावर पंचवीसच्या आत होतास म्हणतोस. मग तुझ्या केसमध्ये वेग हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तू कुठून वळलास हा.

बेदरकारपणा म्हणजे धोका दिसत असताना 'बघू काय होतंय' म्हणून रेटणं. हयगय म्हणजे जेवढी काळजी घ्यायला हवी तेवढी न घेणं. आता कोणी घ्यायला हवी तेवढी? इथं तुझ्या नवशिकेपणाचा प्रश्न येतो. मोटार वाहन कायद्याच्या १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनं धोकादायक ड्रायव्हिंग म्हणजे काय याची यादीच दिलीय: लाल सिग्नल तोडणं, हातात मोबाइल धरणं, उलट्या दिशेनं जाणं वगैरे. शेवटचं कलम असं की सक्षम आणि काळजीपूर्वक चालवणाऱ्या माणसाकडून जी अपेक्षा असते तिच्या खूपच खाली घसरलेलं ड्रायव्हिंग. पट्टी सक्षम चालकाची आहे, चार महिन्यांच्या चालकाची नाही. आरटीओनं तुला पक्कं लायसन्स दिलं त्या दिवसापासून रस्त्यानं तुला वीस वर्षं गाडी चालवणाऱ्याच्याच रांगेत उभं केलं. त्यामुळे 'मी नवा आहे' हा बचाव होत नाही. उलट भर कोर्टात ते म्हणालास तर सरकारी वकील एवढंच विचारतील: मग गर्दीच्या वेळेला पौड रस्त्यावर कशाला आलास?

पण त्याच वाक्यातला 'खूपच खाली' हा शब्द वाच. छोटीशी चूक, निर्णयातला क्षणभराचा गोंधळ म्हणजे धोकादायक ड्रायव्हिंग नव्हे. आणि 'नवा पोरगा आहे, बापाची गाडी घेऊन उडवत असणार' हाही पुरावा नाही. फिर्यादीत 'नुकतेच लायसन्स मिळालेला' असं लिहिलं असेल तर त्यानं काहीच सिद्ध होत नाही. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या भरधाव गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले, तेव्हापासून पुण्यात तरुण चालकाकडे बघायची नजर बदललीय. ती चीड रास्त आहे, पण तिचं ओझं तुझ्या केसवर पडता कामा नये. तू पळून गेला नाहीस, प्यायलेला नव्हतास, लायसन्स होतं, जखमीला दवाखान्यात नेलंस. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ चालकाकडून हेच मागतं: वैद्यकीय मदत, चोवीस तासांच्या आत पोलिसांना माहिती, आणि विमा कंपनीला खबर. यातलं तिसरं तू केलंयस का हे लिहिलेलं नाहीस. नसेल तर आजच कर, लेखी.

मग तुझी हयगय होती की नव्हती? ते इथं बसून मी सांगू शकत नाही, कोणीच सांगू शकत नाही. ते कशावर अवलंबून आहे तेवढं सांगते. डावीकडे वळायचं तर गाडी आधीपासून रस्त्याच्या डाव्या कडेला असायला हवी, हा नियम. मधल्या रांगेतून एकदम डावीकडे कापलंस तर तू अडचणीत आहेस. दहा-पंधरा सेकंद आधीच डाव्या कडेला आला होतास, इंडिकेटर होता, वेग कमी केला होतास, आणि तुझ्या व फुटपाथच्या मधल्या फटीतून स्कूटर घुसली, तर चित्र बरंच पालटतं, कारण डावीकडून ओव्हरटेक करणं हेच मुळात नियमाविरुद्ध. 'बरंच' म्हणते, 'पूर्ण' नाही. पुण्यात डाव्या फटीतून दुचाकी येणार हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, आणि काळजीपूर्वक चालक ते धरूनच डावा आरसा बघतो. शिवाय मामाला सांग: समोरच्याचीही चूक होती हा फौजदारीत बचाव नाही. दोघंही चुकले असतील तर तुझ्या वाट्याची चूक तुझीच राहते. समोरच्याच्या चुकीनं भरपाईची रक्कम कमी होते, ती त्या दुसऱ्या प्रकरणात. बाईंच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं असंही तू लिहिलंयस. पुण्यात हेल्मेटवर वाद घालायला माणूस जेवण टाकून येईल, पण मनगटाच्या फ्रॅक्चरशी हेल्मेटचा काय संबंध? तो मुद्दा सोड.

एक जुनी केस सांगते, ओळख पटू नये इतपत बदलून. कॉलेजात शिकणारी मुलगी, अशीच वळणाची धडक. पंचनाम्यात लिहिलं होतं, 'मोटारीच्या पुढील डाव्या बाजूस घासल्याच्या खुणा.' याचा सरळ अर्थ गाडीनं स्कूटरला धडक दिली. मुलीच्या भावानं त्या रात्री फोनवर चार फोटो काढून ठेवले होते. फोटो मोठा करून पाहिला तर बंपर कोरा आणि चेंबलेला भाग मागच्या दाराच्या मधोमध, हँडलच्या वीतभर खाली. तिथं निळ्या रंगाचा बोटभर ओरखडा, स्कूटरच्या रंगाचा, आणि तो मागून पुढे ओढत गेलेला. म्हणजे गाडीचं नाक केव्हाच गल्लीत शिरलं होतं आणि स्कूटर मागून येऊन आदळली. पंचानं उलटतपासणीत कबूल केलं की त्यानं सही पोलीस स्टेशनात केली, गाडी पाहिलीच नव्हती. ती मुलगी सुटली ती माझ्या वकिलीपेक्षा त्या ओरखड्यामुळे. तुझ्या गाडीवर कोणत्या दाराला, किती उंचीवर, कुठल्या दिशेनं खूण आहे? दुरुस्तीला टाकण्याआधी उजेडात, शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढ. गाडी पोलिसांच्या ताब्यात असेल तर मोटार वाहन निरीक्षकाची तपासणी झाल्यावर कोर्टात सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करू अशा लेखी हमीवर, सोडवून घेता येते, मग फोटो काढ.

त्याहून घाईचं काम सीसीटीव्हीचं. दुकानांच्या आणि सोसायट्यांच्या डीव्हीआरमध्ये जागा भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. काही ठिकाणी महिनाभर राहतं, काही ठिकाणी आठवडाही नाही. त्या गल्लीच्या तोंडाशी मेडिकल असेल, बेकरी असेल, बँकेचं एटीएम असेल. उद्या सकाळी जाऊन बघ कुठल्या कॅमेऱ्याचं तोंड रस्त्याकडे आहे. मग तपासी अंमलदारांना लेखी अर्ज दे की अमुक ठिकाणचं, अमुक तारखेचं, सात ते आठचं चित्रण ताब्यात घ्यावं, आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का घे. चित्रण तुझ्या विरुद्ध निघालं तर? निघू दे. ते आत्ता कळलेलं बरं, म्हणजे काय करायचं ते शहाणपणानं ठरवता येईल. स्वतः पेनड्राइव्हवर कॉपी मिळवलीस तर ज्याच्या ताब्यात यंत्र आहे त्याचं आणि तज्ज्ञाचं साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, नाहीतर तो पेनड्राइव्ह कोर्टात दाखवता येत नाही.

आता कबुलीबद्दल. हजार रुपयांत विषय संपतो हे हवालदार वाईट हेतूनं म्हणाले असं मला वाटत नाही. त्यांच्या दृष्टीनं खरंच संपतो, त्यांची एक फाइल बंद होते. तुझ्यासाठी कबुली म्हणजे दोषसिद्धी, कन्व्हिक्शन. दंड दहा रुपये असो की दहा हजार, कागदावर शब्द तोच. पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा म्हटल्यावर घरात एमएसचा विषय निघालेलाच असतो. व्हिसाच्या फॉर्ममध्ये 'तुम्हाला कधी कोणत्याही गुन्ह्यात दोषी ठरवलं आहे का' हा रकाना असतो. सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीतही असतो. अशा अपघाताच्या केसमुळे दार कायमचं बंद होतं असं नाही, पण दर वेळी खुलासा करत बसावं लागतं. दुसरी बाजूही सांगायला हवी. केस लढायची म्हणजे ती वर्षानुवर्षं प्रलंबित राहू शकते, आणि प्रलंबित फौजदारी केस असताना नवा पासपोर्ट सहजी मिळत नाही, त्यासाठी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. ती मिळते, पण अर्ज करावा लागतो, तारीख पडते. तुझा पासपोर्ट आधीच काढलेला असेल तर एक काळजी कमी.

कबूल करणं नेहमीच चूक असंही मी म्हणत नाही. चित्रणात तू मधल्या रांगेतून कापताना स्पष्ट दिसलास, तर लढून चार वर्षं घालवण्यात अर्थ नाही. पण तेव्हाही वाट वेगळी असते: दोष मान्य करून परिवीक्षा अधिनियम, १९५८ खाली सोडण्याची विनंती करायची. त्याच्या कलम ४ खाली कोर्ट चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकतं, आणि कलम १२ सांगतं की अशा दोषसिद्धीमुळे अपात्रता चिकटत नाही. कलम ६ एकवीस वर्षांखालच्यांना कैदेपासून आणखी संरक्षण देतं. पण वय मोजतात ते अपघाताच्या दिवशीचं नव्हे, शिक्षा ठरते त्या दिवशीचं. शिवाजीनगरच्या तारखांचा वेग बघता तोवर तू बाविशीत असशील. हे असं काही मागावं लागतं, हवालदारांच्या सल्ल्यानं हात जोडून उभं राहिलास तर ते कोणी आपणहून देत नाही. मृत्यूच्या प्रकरणांत परिवीक्षेबद्दल सर्वोच्च न्यायालय कडक आहे, पण तुझं प्रकरण तसं नाही.

मिटवता येईल का? अर्धंच. १२५(ब) कोर्टाच्या परवानगीनं आणि जखमीच्या संमतीनं मिटतं, कारण दुखापत त्या बाईंची. २८१ मिटत नाही, कारण तो गुन्हा रस्त्यावरच्या सगळ्यांविरुद्ध धरलेला आहे. बाई पूर्ण राजी असल्या तर उच्च न्यायालयात एफआयआर रद्द करण्याचा अर्ज करता येतो, त्यासाठी मुंबई गाठावी लागते आणि खर्च होतो. बाई राजी होतील का ते बरंचसं तुझ्या घरच्यांच्या वागण्यावर आहे. मामाला घेऊन गेलात तर होणार नाहीत.

भरपाईचं थोडक्यात, कारण इथं तुला फारसं काही करायचं नाही. गाडीचा थर्ड पार्टी विमा चालू असेल आणि लायसन्स वैध असेल, तर बाईंच्या उपचाराचा, बुडालेल्या कमाईचा भार विमा कंपनीवर येतो. दुखापतीच्या रकमेला वरची मर्यादा नाही. २०२२ पासूनच्या नियमांनुसार पोलीस पहिला अपघात अहवाल अठ्ठेचाळीस तासांत न्यायाधिकरणाला पाठवतात, आणि चालकानं व मालकानंही आपापले फॉर्म तीस दिवसांत भरून द्यायचे असतात. मालक तुझे वडील, म्हणजे त्यांचा वेगळा. दवाखान्याचं तातडीचं बिल वडिलांनी भरलं तर चांगलंच, पावती ठेवा. पण 'इतके घ्या आणि केस करू नका' असा कागद परस्पर करू नका. विमा कंपनी तो मानत नाही, आणि दावा पुढे आलाच तर तुमचे पैसे गेलेले असतात. विमा संपलेला असेल तर मात्र हा परिच्छेद विसर आणि आजच वकील गाठ, कारण मग रक्कम वडिलांच्या खिशातून जाणार.

लायसन्स. १८४ लावलं की पोलीस ते ताब्यात घेऊन आरटीओकडे पाठवू शकतात आणि आरटीओ काही काळासाठी निलंबित करू शकतं. त्याआधी तुझं म्हणणं ऐकावं लागतं, आणि निर्णयाविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येतं. तिथली नोटीस आली तर पोलीस केसच्या गडबडीत ती कपाटात टाकू नकोस. बरीच मुलं तेच करतात आणि एक दिवस नाकाबंदीत कळतं की आपण निलंबित लायसन्सवर गाडी चालवतोय. पहिली केस चालू असताना हा दुसरा गुन्हा पहिल्याची सगळी सहानुभूती घालवतो.

हे सगळं तुझं पक्कं लायसन्स धरून आहे. तू शिकाऊ लायसन्सवर असतास आणि शेजारी लायसन्सधारक बसलेला नसता, 'एल' लावलेला नसता, तर मी निम्मं उत्तर वेगळं दिलं असतं. आणि अठराच्या खाली असतास तर कलम १९९अ खाली वडीलच आरोपी झाले असते. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. हे वाचणाऱ्या इतर वडिलांसाठी सांगितलं.

वकील लागेलच. फी झेपणार नसेल तर शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथं चौकशी कर. वकिलाकडे जाण्याआधी मात्र एक काम करून जा. मित्राला त्याची दुचाकी घेऊन बोलव. संध्याकाळी साडेसातला, त्याच रस्त्यावर पण एखाद्या बाजूच्या मोकळ्या जागेत, गाडी बंद करून तू ड्रायव्हरच्या सीटवर बस. मित्राला डाव्या बाजूनं मागून हळूहळू पुढे यायला सांग. तो आरशातून दिसेनासा कधी होतो आणि खिडकीतून दिसायला कधी लागतो ते बघ, आणि ते अंतर पावलांनी मोजून लिहून ठेव. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक चालकाला मी हे करायला लावते. काहीजण येऊन म्हणतात, "मॅडम, ती दिसूच शकत नव्हती." काहीजण येऊन गप्प बसतात. दोघांच्या केसेस मी वेगळ्या पद्धतीनं लढते. तू यातला कुठला ते मला आत्ता माहीत नाही, आणि बहुधा तुलाही नाही.

जाताना बेकरीवाल्याकडे कॅमेऱ्याचं विचारायला विसरू नकोस. आणि एकटा जा, मामाला नको.